मास्तरचं शेवटचं वाक्य

१

पोपट मेला होता, आणि त्याला मारल्याची कबुली द्यायला मुलगी आपण होऊन कचेरीत येऊन बसली होती. सोबतबाईंना हे मुळीच आवडलं नाही.

बाईंचं खरं नाव विद्यापीठात कुणाला आठवत नसे. विद्यार्थी कल्याण विभागाच्या एका बिनखिडकीच्या खोलीत त्या ‘सोबत’ नावाची योजना चालवत, म्हणून त्या सोबतबाई. वसतिगृहात जागा नाही आणि बाहेर खोली घेण्याची ऐपत नाही अशी मुलं एकीकडे. मुलंबाळं परगावी गेल्यामुळे मोठ्या घरांत एकटी राहणारी म्हातारी माणसं दुसरीकडे. बाई दोघांची गाठ घालून देत. खोलीला भाडं नाही. त्याऐवजी बाजारहाट करायचा, माळ्यावरचं सामान काढून द्यायचं, संध्याकाळी दोन शब्द बोलायचे. “लग्नं जुळवणं यापेक्षा सोपं,” त्या म्हणत. “तिथं निदान वऱ्हाड तरी मदतीला असतं.”

त्याआधी त्यांची उमेदीची वर्षं विमा कंपनीत गेली होती. जळालेली गोदामं, पाण्यात गेलेले ट्रक, एकदा तर एका सकाळीत ओस पडलेलं पक्ष्यांचं दुकान, असल्या नुकसानीची पाहणी करून खरंखोटं करायचं हे काम. त्यामुळे खोटं बोलणाऱ्यांचा त्यांना राग येत नसे. उलट ती माणसं घरच्यासारखी वाटत.

“परत सांग,” त्या म्हणाल्या.

समोरची मुलगी भूगोलाच्या शेवटच्या वर्षाला होती. पायाशी बोचकं झालेली बॅग. आई एका धुलाईकेंद्रात इस्त्री करायची. मुलगी पहिल्या वर्षी वाचनालयाच्या बाकांवर झोपून राहिली होती. मग तिला बाईंनी नकाशेवाल्या आजोबांच्या घरी खोली मिळवून दिली. त्या जोडीचा बाईंना कोण अभिमान होता.

“मी मास्तरला चॉकलेट दिलं, मॅडम. पोपटांना ते विषासारखं असतं हे मला माहीत नव्हतं. चूक माझी आहे. त्यांच्या मुलाने तक्रार केलीय ती बरोबर आहे. मी खोली सोडते.”

“आणि जाशील कुठे?”

“घरी.”

“परीक्षा?”

दुसरं घर रिकामं नव्हतं, हे दोघींनाही ठाऊक होतं. तिथून घरी जाणं म्हणजे शिक्षणाला रामराम. बाई तिच्याकडे बघत राहिल्या. इतकी गुळगुळीत कबुली त्यांनी फक्त एकाच प्रकारच्या माणसांकडून ऐकली होती, ज्यांनी काहीच केलेलं नसतं त्यांच्याकडून.

“चॉकलेट दिलंस कसं? वाटीत टाकलंस?”

“हातानेच भरवलं.”

बाईंची नजर तिच्या बोटांवर गेली. तर्जनीवर आणि अंगठ्यावर जुन्या, बऱ्या झालेल्या चाव्यांच्या खुणा होत्या. मनात पाल चुकचुकली. बाईंनी छत्री उचलली आणि बॅग तिथंच ठेवायला सांगून त्या बाहेर पडल्या.

२

नकाशेवाल्या आजोबांनी जन्मभर रस्त्यांचे आणि पुलांचे नकाशे काढले होते. निवृत्त झाल्यावर काढायला काही उरलं नाही तेव्हा त्यांनी स्वयंपाकघराची भिंत धरली. प्रत्येक भांडं जिथं टांगायचं तिथं त्याची काळ्या रंगाने बाह्यरेषा काढलेली. झारा कुठला, कालथा कुठला, आंधळ्यानेही चुकू नये.

दार उघडताच कोलनचा भपकारा आला. आजोबांनी बाटली अंगावर उपडी केली असावी. डोळे सुजलेले होते, पण दाढी नीट केलेली होती.

“बसा बाई. चहा टाकतो. चिरंजीव आलाय परगावाहून, बाजारात गेलाय.”

स्वयंपाकघरात खिडकीपाशी रिकामा पिंजरा होता. त्याचं दार उघडं होतं. बाईंनी तिकडे बघायचं टाळलं, पण आजोबांनी टाळलं नाही.

“हिचा होता तो. ही गेली, पण तिचा आवाज त्याच्यात राहिला होता. हुबेहूब. मला बाहेर जायची सवय, आणि हिला मागून विचारायची. तेच वाक्य त्याने उचललं. दिवसभर आपलं ‘अहो, गॅस बंद केलात का?’ मी म्हणायचो, ‘केला गं, केला.’” त्यांनी चष्मा पुसला. “दोनदा गेली ती माझी, असं समजा.”

बाईंनी चहाचा घोट घेतला आणि तो अडकता अडकता गेला. दूध सपशेल करपलेलं होतं. वास थेट डोक्यात गेला.

“कसा झालाय?” आजोबांनी विचारलं. ते नेहमीच विचारत, आणि बाईंना तो त्यांचा अगत्याचा भाग वाटे. स्वतः ते मजेत पीत होते.

“छान,” बाई म्हणाल्या. “आजोबा, मुलीने मास्तरला हाताने भरवलं असेल?”

“तेच तर! मलाही कोडं पडलंय. तो माझ्याशिवाय कुणाच्या हातचं खाईना. पोरीने किती लाडीगोडी लावली, दरवेळी चावायचा. पण ती म्हणते, माझ्याच हातून झालं. आता ती कशाला खोटं बोलेल? मी तिला एका शब्दाने बोललो नाही हो. चिरंजीवानेच तक्रार केली. मी अंथरुणात होतो, नाहीतर करू दिली नसती.”

“अंथरुणात? काय झालं होतं?”

“मास्तर गेला त्याच दिवशी संध्याकाळी थंडी भरून ताप. छातीत घट्ट झाल्यासारखं. पोरीने उशाशी बसून रात्र काढली. दुसऱ्या दिवशी उतरला. दुःखाचाही ताप येत असेल माणसाला.”

“येत असेल,” बाई म्हणाल्या, पण त्यांचे डोळे आता भिंतीवर होते. सगळी भांडी आपापल्या रेषेत शिस्तीत टांगलेली होती. फक्त एका खिळ्यावर पिठाची चाळणी होती आणि तिच्या खालून एका लांब दांड्याची काळी रेषा बाहेर डोकावत होती.

चाळणीला दांडा नव्हता.

३

शेजारचे वकीलसाहेब कुंपणापाशी उभेच होते. त्यांना कुणी काही विचारायला आलं की ते आनंदाने ‘मला यात पडायचं नाही’ म्हणून सुरुवात करत.

“मला यात पडायचं नाही, बाईसाहेब. आणि त्या पक्ष्याशी माझं वैर होतं हे मी नाकारत नाही. दिवसभर एकच घोष, गॅस बंद केलात का, गॅस बंद केलात का! मी माझ्या खुर्चीतून उठून माझा गॅस बघून यायचो. गुडघे दुखायला लागले माझे. दोनदा लेखी नोटीस दिली.”

“पोपटाला?”

“मालकाला!” वकीलसाहेब दुखावले. “पण विष घालणाऱ्यातला मी नाही. खरं सांगू? तो गेल्यापासून घर खायला उठतं. मी अजून उठतो आणि बघून येतो.”

बाईंना हसू आलं आणि वाईटही वाटलं. “त्या दिवशी काही वेगळं दिसलं?”

“दिसलं तर! दात वाजत होते अशी थंडी. आम्ही सगळे दारंखिडक्या लावून बसलेले. आणि यांच्या घराच्या खिडक्या सताड उघड्या! मुलगी हातात पंचा घेऊन तो गरागरा फिरवत होती. मला वाटलं, डोकं फिरलं हिचं. दुपारी म्हाताऱ्याने आणि तिने त्या झाडाखाली पोपटाला पुरलं. तिथपर्यंत ठीक.” त्यांनी आवाज खाली आणला. “नंतर म्हातारा झोपल्यावर ती एकटीच बाहेर आली आणि मागच्या भिंतीशी दुसरा खड्डा खणला. मी विचार करतोय तेव्हापासून. एका पोपटाला दोन खड्डे कशाला?”

बाई मागच्या भिंतीशी गेल्या, छत्रीच्या टोकाने भुसभुशीत माती उकरली. लगेच काहीतरी खणकन वाजलं.

मातीतून निघाला तो दांड्याचा नॉनस्टिक पॅन. आतला काळा थर ठिकठिकाणी सोललेला, फुगलेला, राखेसारखा पांढरट पडलेला. बाई तो हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. त्यांना ते पक्ष्यांचं दुकान आठवलं. मालक मागच्या खोलीत असाच नॉनस्टिक पॅन रिकामाच आचेवर विसरला होता. माणसाला त्या धुराने फार तर थंडीताप येतो, एक-दोन दिवसांत उतरतोही. पक्ष्यांना तो क्षणभर सोसत नाही. दुकानातला एकही पिंजरा वाचला नव्हता.

म्हणजे विष नव्हतं, चॉकलेट नव्हतं. पण मग पॅन तापवला कुणी? आणि घरभर तसला वास कोंडलेला असताना माणूस उठून खिडकी कसा उघडत नाही?

४

चिरंजीव पिशवी घेऊन परतताना फाटकाशीच भेटले. बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते, पण चेहरा रात्र रात्र झोप नसलेल्या माणसाचा. बाईंनी पॅन छत्रीआड धरला.

“मॅडम, मी काही दुष्ट माणूस नाही,” ते लगेच म्हणाले. “मला त्या मुलीचं वाईट वाटतं. पण परक्या पोरीच्या भरवशावर बाबांना किती दिवस ठेवू? आज पोपट गेला, उद्या काही भलतंच झालं तर? घराला कुलूप लावतो आणि त्यांना घेऊन जातो. रोज सकाळी फोन करेपर्यंत माझ्या जिवाला घोर असतो.”

“त्या दिवशी केला होतात?”

“केला ना. बराच वेळ बोललो. म्हणजे भांडलोच. इकडे या म्हणालो, तर म्हणे, माझं काय अडलंय. त्यांना बोलायला बाहेर व्हरांड्यात उभं राहावं लागतं, आत रेंज येत नाही. थंडीत उभे राहून भांडत होते माझ्याशी.”

“फोन आला तेव्हा काय करत होते?”

“नाश्ता करायला घेतला होता. ऑम्लेट, बहुतेक. म्हणाले, ‘थांब, व्हरांड्यात जातो.’” चिरंजीव थांबले. “का?”

“सहज,” बाई म्हणाल्या.

पण सहज काहीच नव्हतं. अतिप्रमाणात लावलेलं कोलन. करपलेला चहा, तो मजेत पिणारा माणूस, आणि ‘कसा झालाय?’ हा रोजचा प्रश्न. अगत्य कसलं, तो बिचारा दुसऱ्याच्या जिभेने आपला चहा चाखत होता. इतक्या वेळा या घरात चहा प्यायलो आणि आपल्या लक्षात येऊ नये, याचा बाईंना स्वतःचाच राग आला.

आजोबांना वास येत नव्हता. आणि ही गोष्ट त्या मुलीला ठाऊक होती.

५

कचेरीत मुलगी बॅगेशेजारी तशीच बसली होती. बाईंनी पॅन टेबलावर ठेवला. तिने तो बघितला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

“त्यांना सांगू नका, मॅडम. पाया पडते.”

“आधी मला तर सांग.”

हळूहळू सगळं बाहेर आलं. दोन वर्षांमागे एक मोठा ताप येऊन गेला तेव्हापासून आजोबांचं नाक गेलं होतं. मुलाला कळलं तर तो घेऊन जाईल म्हणून त्यांनी तोंडाला कुलूप लावलेलं. मुलीने ते आल्या महिन्यातच ओळखलं, आणि ओळखलंय हे त्यांना कळू दिलं नाही. नासलेलं दूध गुपचूप ओतून टाकायचं, बटाटे हुंगून निवडायचे, बाहेर जाताना शेगडीकडे एक नजर टाकायची.

“त्या दिवशी माझा तास लवकर होता. परत आले, मागच्या दाराने आत शिरले, तर धूर आणि कसला तरी घाण वास. आच चालूच. मास्तर पिंजऱ्याच्या तळाशी. आणि आजोबा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते, मॅडम! त्याच हवेत. भांडण झाल्यावर ऑम्लेटचं विसरूनच गेले होते. ते उठून यायच्या आत मी पॅन लपवला, खिडक्या उघडल्या. त्यांनी विचारलं, मास्तर का ओरडत नाहीये? माझ्या तोंडून पहिलं जे आलं ते बोलून गेले.”

“नाक गेल्याचं झाकायला?”

“नाही हो.” ती आता उघड रडत होती. “नाकाचं त्यांना माहीतच आहे. मास्तर त्यांच्याच हातून गेला, हे त्यांना कळू नये म्हणून. त्याच्यात आजींचा आवाज होता. ते जगतील कसे? माझी खोलीच जाईल ना, जाऊ दे. मी परत वाचनालयात झोपेन नाहीतर घरी जाईन. पण हे नको.”

बाई उठून भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. खिडकी असती तर बाहेर बघितलं असतं. विम्याच्या नोकरीत खरं काय ते लिहून मोकळं होता येई. इथं खरं सांगितलं तर म्हाताऱ्याचं काळीज फाटणार, आणि नाही सांगितलं तर या पोरीचं आयुष्य वाया जाणार. वर तो माणूस पुन्हा त्याच शेगडीशी एकटा राहणार.

“चल,” त्या म्हणाल्या. “तू काही बोलू नकोस. मीही बोलणार नाही.”

“मग?”

“दोन पाव घेऊ वाटेत.”

६

चिरंजीव वकीलसाहेबांकडे बोलत उभे होते. बाईंनी आजोबांना खुर्चीत बसवलं, पाठ स्वयंपाकघराकडे. मुलगी समोर, मान खाली घालून. “आज चहापाणी मी बघते,” म्हणत बाई आत गेल्या, खिडकी उघडली, लोखंडी तव्यावर पाव ठेवला, आच मोठी केली आणि बाहेर येऊन बसल्या.

“पोरी, तू आलीस, बरं झालं,” आजोबा म्हणत होते. “मी चिरंजीवाला सांगितलंय, चूक कुणाच्याही हातून होते. पिंजरा मी तसाच ठेवणार आहे. त्याची झुलती दांडी मी स्वतः केली होती, माहितीये? मापात. हिला पसंत पडेना, तीनदा बदलायला लावली—”

करपल्याचा पहिला वास आला. मुलीची मान झटकन वर झाली. बाईंनी तिचं मनगट धरलं. आजोबा दांडीबद्दल बोलत राहिले. वास वाढला. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सगळंच काही पावामुळे नव्हतं.

फाटक वाजलं आणि चिरंजीव धावत आत आले. “बाबा! अहो काय जळतंय? रस्त्यापर्यंत वास येतोय!”

आजोबा थांबले. त्यांनी मुलाकडे बघितलं, मुलीकडे, बाईंकडे, आणि मग सावकाश मागे वळून बघितलं. दारातून धूर येत होता. मुलगी हात सोडवून आत धावली. आच बंद केल्याचा आवाज आला.

आजोबा उठले आणि स्वयंपाकघराच्या भिंतीपुढे जाऊन उभे राहिले. त्यांनी चाळणी खाली काढली. मोकळ्या रेषेवरून, आपणच काढलेल्या त्या रेषेवरून, बोट फिरवलं.

“ऑम्लेट,” ते म्हणाले. “मी पॅन ठेवला होता. मग फोन आला.”

“आजोबा, नाही हो—” मुलगी म्हणाली.

“मास्तरने विचारलं असेल मला. रोज विचारायचा. तिच्या आवाजात विचारलं असेल आणि मी बाहेर उभा राहून ओरडत होतो की मला कुणाची गरज नाही.” त्यांचा आवाज फुटला. ते खुर्चीचा आधार घेऊन खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. मुलगी त्यांच्या पायाशी बसली, तीही रडत होती.

थोड्या वेळाने त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “मला वाचवायला खोली सोडायला निघालीस तू? वेडी कुठली.” मग मुलाकडे बघून ताठ बसत म्हणाले, “मास्तरला मी मारलं. मला वास येत नाही, दोन वर्षं झाली. तुझ्यापासून लपवलं. आता ने मला कुठं न्यायचं तिथं. पण हिची तक्रार आत्ताच्या आत्ता मागे घे.”

चिरंजीव दाराच्या चौकटीला टेकले होते. “फोन मी केला होता,” ते पुटपुटले. “मी केला होता बाबा.”

बाईंनी त्यांना सावरायला वेळ दिला. मग विचारलं, “तुमच्याकडे दिवसभर घरी कोण असतं?”

“कुणी नाही. आम्ही दोघंही नोकरीवर.”

“आणि गॅस?”

“आहे.”

“म्हणजे तिथं शेगडी, हे, आणि बंद घर. इथं शेगडी, हे, आणि वर्षभर यांचं नाक होऊन राहिलेली एक मुलगी. एकदा तिचा तास लवकर होता तेवढंच. गॅस गळला किंवा धूर झाला की वाजणारा भोंगा तुम्ही आणून लावा, विजेची शेगडी घ्या, ती आपोआप बंद होते. बाकी लपवाछपवी संपली की निम्मी भीती संपते. मी विम्यात होते, धोका मलाही कळतो.”

चिरंजीवांनी वडिलांकडे बघितलं. आजोबांच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून त्यांना नाही म्हणवेना.

“भोंगा आजच आणतो,” ते म्हणाले. “आणि हिची बॅग कुठाय? घेऊन येतो.”

पुढे परीक्षा तोंडावर आल्या तेव्हा बाई एका सकाळी त्या घरी डोकावल्या. विजेची शेगडी आली होती, पण जुनी गॅसची आजोबांनी हट्टाने ठेवली होती. तिच्यावर मोठा भोंगा होता. पॅनच्या रेषेत काही टांगलेलं नव्हतं. ती जागा आजोबांनी मोकळीच ठेवली होती. चहा उत्तम होता. “कसा झालाय?” त्यांनी विचारलं, आणि बाईंनी या वेळी खरं सांगितलं.

मुलगी पुस्तकं सावरत बाहेर पडली. फाटकापाशी पोचली, थबकली, आणि मागे वळून जोरात ओरडली, “आजोबा, गॅस बंद केलात का?”

आजोबांचा कप हातातच राहिला. डोळे क्षणभर मिटले.

“केला गं,” ते म्हणाले. “केला.”

कुंपणापलीकडे खुर्ची करकरली, आणि वकीलसाहेब गुडघ्यांवर हात ठेवत उठून आपला गॅस बघायला आत गेले.